यात्रेतली तलवार



गुढीपाडव्याच्या नववर्ष स्वागतयात्रेची प्रथा डोंबिवलीच्या श्री गणेश मंदिर संस्थानाने १९९९ साली सुरू केली आणि बघता बघता ती ठाणे, कल्याण, गिरगाव अशी सगळीकडे पोहोचली. यात्रेत ढोल-ताशे असतात, लेझीम असते आणि मावळ्यांच्या वेशातली मुलंमुली असतात. फेटा नीट बांधलेला, अंगरखा आईने हौसेने शिवून घेतलेला आणि हातातली तलवार मात्र बाजारात सापडली ती. ठाण्यातल्या आमच्या वर्तकनगरात शिवजयंती जवळ आली की मंडळातली मुलं विचारू लागतात, "काका, स्वस्तात चांगली तलवार कुठे मिळेल?" मी त्यांना उलट विचारतो, तिचं करणार काय? भिंतीवर लावणार, यात्रेत मिरवणार, की हात फिरवायला शिकणार? एकच तलवार या सगळ्या कामांना चालत नाही. चालवायला गेलं की कुणाला तरी लागतं.

हजार-दोन हजारांत मिळते ती तलवार बहुधा नवरदेवासाठी केलेली असते. लाल मखमलीचं म्यान, गोंडे, पितळी मुठीवर सिंहाचं तोंड आणि कोयत्यासारखं एकदम वळलेलं पातं. तिलाच शिवकालीन म्हणून विकतात. मराठ्यांच्या हाती वक्र तलवारी होत्या हे खरं, पण लांब, सरळ पात्यांनाही मोठी मागणी होती. ही पाती युरोपातून पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांत उतरत आणि इथले कारागीर त्यांना आपल्या घडणीची मूठ चढवत. फिरंग ती हीच. नागपूरकर रघुजी भोसल्यांची जी तलवार राज्य सरकारने २०२५ साली लंडनच्या लिलावातून मिळवून परत आणली, तिचं छायाचित्र निरखून पाहा. पातं युरोपीय, सरळ, एकधारी. मूठ मुल्हेरी घाटाची, सोन्याच्या नक्षीची. पात्याच्या पाठीवर देवनागरीत रघुजींचं नाव. सेनासाहेब सुभा एवढ्या मोठ्या पदावरच्या माणसाची तलवार, पण पात्यावर भपका नाही. प्रतिकृती घेताना नक्षी नंतर पाहा, आधी घाट पाहा. पैसे कमी असतील तर नक्षी सोडा, घाट सोडू नका.

घाट ओळखायला डोळा तयार व्हावा लागतो आणि तो दुकानात होत नाही. ठाण्याहून लोकलने मुंबईला जा, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं शस्त्रदालन पाहा. पुण्याला गेलात तर राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. मुठीवर बोटांचं रक्षण करणारी परज कशी वळते, मुठीच्या टोकाची कटोरी केवढी असते, पातं टोकाकडे कसं निमुळतं होतं, हे एकदा मनात बसलं की बाजारातल्या निम्म्या तलवारी हातात न घेताच नाकारता येतात.

वजनाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथे आहे. तलवार जितकी जड तितका वीर मोठा, असं चित्रपटांनी आपल्या मनावर बिंबवलं आहे. संग्रहालयांतल्या एकहाती तलवारी साधारण आठशे ग्रॅमपासून सव्वा किलोपर्यंत भरतात. दिवसभर घोड्यावर बसून फिरवायचं शस्त्र त्याहून जड कशाला असेल? शिवाय खऱ्या पात्याची जाडी सारखी नसते. मुठीपाशी ते जाड असतं आणि टोकाकडे पातळ होत जातं, म्हणून तोल मुठीपुढे वीतभर अंतराच्या आत राहतो आणि मनगट मोकळं फिरतं. स्वस्त प्रतिकृती एकाच जाडीच्या पत्र्यातून कापलेली असते. तिचा सगळा भार टोकाकडे जातो. अशी दोन किलोची तलवार घेऊन राम मारुती रोडवरून चालत जाणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाचा हात यात्रा संपेपर्यंत खाली आलेला असतो आणि टोक पुढच्या मुलाच्या पोटरीला लागत असतं.

मूठ हाताला लहान वाटली तर ती बिघडलेली समजू नका. आपल्या तलवारीची मूठ मुळातच घट्ट बसणारी असते. कटोरी मनगटाला टेकते आणि हात सरकू देत नाही. ओढून कापणाऱ्या वाराला अशीच पकड लागते.

आता पात्याचा मुठीत शिरणारा भाग. युरोपीय तलवारीत तो मुठीतून आरपार जाऊन टोकाला ठोकून पक्का केलेला असतो, आणि प्रतिकृती घेणाऱ्यांना सहसा तेवढंच तपासायला सांगितलं जातं. आपल्याकडची जुनी रीत निराळी. पोकळ लोखंडी मुठीत आखूड भाग बसवून वितळलेली लाख किंवा राळ ओतायची. नीट केलेलं हे काम पिढ्यान् पिढ्या टिकलं आहे. तेव्हा आखूड भाग पाहून घाबरू नका, पण लाखेने बसवलेली तलवार उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका. घाबरायचं ते वेगळ्याच गोष्टीला. स्वस्त तलवारीत पात्याला बोटाहून बारीक सळई वेल्डिंगने जोडलेली असते. वेल्डिंगच्या उष्णतेने तिथलं पोलाद बिघडतं आणि फिरवताना सगळा ताण नेमका त्याच जागी येतो. दुकानात मूठ घट्ट धरा, पात्याच्या सपाट बाजूवर तळव्याने हलकी थाप द्या. आत काही खुळखुळलं तर ती तलवार परत ठेवा.

पातं स्टेनलेस स्टीलचं असेल तर ते भिंतीवरच शोभावं. सुरीसाठी हा धातू उत्तम, पण अडीच-तीन फूट लांबीला तो ठिसूळ ठरतो. वार अडला की मुठीपाशी तुटतो आणि तुटलेला तुकडा बघ्यांमध्ये जातो. हात फिरवायचा असेल तर स्प्रिंगच्या पोलादाचं, म्हणजे ट्रकच्या पाट्याला वापरतात तशा पोलादाचं, नीट पाणी दिलेलं पातं हवं. ते थोडं वाकवलं तर सरळ होतं. देशी म्हणजे वाईटच, असंही नाही. १९४३ साली सुरू झालेल्या डेहराडूनच्या विंडलास स्टीलक्राफ्ट्समधून परदेशी सैन्यांच्या समारंभी तलवारी जातात. चांगलं काम आपल्या देशात होतं, फक्त ते मागून घ्यावं लागतं.

पण शिकणाऱ्याने पहिल्या दिवशी पोलाद हातात घ्यावंच कशाला? आपल्या आखाड्यांत फरी-गदगा होता. गदगा म्हणजे चामड्याने मढवलेली काठी, फरी म्हणजे छोटी चामडी ढाल. पाय कसा टाकायचा, वार कसा अडवायचा हे सगळं त्याच्यावर शिकून झाल्यावर तलवार हाती येत असे. फेब्रुवारी २०२४ मध्ये दांडपट्टा महाराष्ट्राचं राज्यशस्त्र जाहीर झाला. तेव्हापासून पट्टा मागणाऱ्या मुली आणि मुलगे वाढले याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र पट्ट्याचं लवचिक पातं स्वतःच्याच पाठीवर येतं, आणि ते वस्तादाशिवाय कळत नाही. वस्ताद शोधा, मग पट्टा घ्या.

कायद्याचं थोडक्यात. शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालचे २०१६ चे नियम यांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची तलवार शस्त्र म्हणून मोजली जाते. धार काढलेली नाही एवढ्यावर सुटका होत नाही. सवलत आहे ती खेळण्यांना, आणि तीही ज्यांचं कामाचं शस्त्र करताच येत नाही अशांना. त्यातच सणासुदीला ठाणे पोलीस आयुक्तालय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश काढतं. म्हणून पोलादी तलवार मागवण्याआधी आणि ती यात्रेत नेण्याआधी आपल्या पोलीस ठाण्यात लेखी विचारा. मुलांच्या हाती तर लाकडीच द्या. शिवणीच्या लाकडाची, गोल टोकाची, रुपेरी रंग दिलेली तलवार चार पावलांवरून पोलादीच दिसते. कायदा मोठ्यांनाही सोडत नाही. एप्रिल २०२२ मध्ये आपल्याच ठाण्यात एका जाहीर सभेत व्यासपीठावर तलवार उंचावल्याबद्दल नौपाडा पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला होता. म्हणूनच सत्कारात तलवार भेट देण्याची पद्धतच मंडळांनी बंद करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याला ती दिली जाते त्याला ती धरता येत नाही, आणि समोर गर्दी असते.

धरायची कशी? म्यानातून उपसताना डावा हात म्यानाच्या पाठीकडच्या बाजूला असू द्या. धारेकडच्या कडेवर बोटं गुंडाळू नका, कारण लाकडी म्यान तिथे आतून चिरत जातं आणि एक दिवस पातं बाहेर येतं. दुसऱ्याला देताना मूठ त्याच्याकडे, धार वर, आणि त्याने घेतली म्हटल्यावरच सोडा. चित्ररथाच्या ट्रकवर उभं राहून पोलादी तलवार उंचावू नका. आपल्या गल्ल्यांमधून विजेच्या तारा किती खालून जातात हे प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत आहे.

आणि शेवटी गंज. एका बाजूला येऊर, दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये आपण. जूनपासून हवाच ओली. पात्याला हात लागला की घामातलं मीठ तिथे राहतं आणि दोन दिवसांत बोटांचे तांबूस ठसे उमटतात. कोरड्या सुती फडक्याने पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवा. खोबरेल नको, ते कालांतराने चिकट होतं आणि धूळ धरतं. पावसाळ्यात पातं म्यानात ठेवू नका. मखमल आणि चामडं दमटपणा धरून ठेवतात, म्हणून म्यान वेगळं, पातं वेगळं, कोरड्या कापडात गुंडाळून मुलांचा हात न पोचणाऱ्या कपाटात. खंडेनवमीला पूजेसाठी काढाल तेव्हा हळदकुंकू आणि ओली फुलं रात्रभर तशीच राहू देऊ नका. पूजा आटोपली की त्याच संध्याकाळी पातं पुसा आणि पुन्हा तेल लावा.