रुग्णाची नोंद आणि रुग्णाची संमती



वैद्याने रोग्याचे गुपित राखावे, ही रीत वैद्यकाइतकीच जुनी आहे. घरच्या माणसांपासून लपविलेले दुखणे रोगी डॉक्टरांपाशी बोलून दाखवितो, ते याच भरवशावर. आजवर हे गुपित डॉक्टरांच्या स्मरणात, दवाखान्याच्या नोंदवहीत किंवा केस पेपरवर राहत असे. आता ते संगणकात जाऊ लागले असून एका रुग्णालयातील नोंद दुसऱ्या रुग्णालयात क्षणार्धात पोहोचू शकते. ही सोय लहान नव्हे. बेशुद्धावस्थेत आणलेल्या रुग्णाला कोणते औषध सोसत नाही, हे वेळीच कळले तर त्याचा प्राण वाचू शकतो. ऊसतोडीसाठी दूरच्या जिल्ह्यात गेलेल्या गरोदर स्त्रीच्या पूर्वीच्या तपासण्या तेथील आरोग्य केंद्रात दिसल्या, तर तिचे बाळंतपण अधिक सुरक्षित होईल. परंतु जी नोंद सहज पोहोचते, ती नको त्या हातीही सहज पडू शकते. म्हणून ती कोणी व कशासाठी पाहावी हे रुग्णाला विचारले जाते काय, हा प्रश्न अगत्याचा ठरतो.

या बाबतीत इंग्लंडचा अनुभव बोधप्रद आहे. तेथील नॅशनल हेल्थ सर्व्हिस ही शासकीय आरोग्यसेवा १९४८ पासून चालू असून लोकांचा तिच्यावर मोठा विश्वास आहे. रुग्णालयांतील नोंदी तेथे पूर्वीपासून एकत्र केल्या जात होत्या. त्यांना कुटुंब-डॉक्टरांकडील नोंदींची जोड द्यावी आणि त्या आधारे संशोधन व नियोजन करावे, या हेतूने २०१३ मध्ये 'केअर डॉट डेटा' ही योजना जाहीर झाली. तिला २०१२ च्या कायद्याचा आधार होता आणि हेतूही लोकहिताचा होता. ज्याला आपली नोंद द्यावयाची नसेल त्याने तसे आपल्या डॉक्टरांना कळवावे. जो कळविणार नाही त्याची संमती गृहीत धरावी, अशी व्यवस्था होती.

जानेवारी २०१४ मध्ये सुमारे २ कोटी ६५ लाख घरांना माहितीपत्रके पाठविण्यात आली. पुष्कळ ठिकाणी ती जाहिरातींच्या कागदांबरोबर आली व न वाचताच टाकून दिली गेली. नकार कळविण्याचा नमुना पत्रकासोबत नव्हता. फेब्रुवारीत झालेल्या एका पाहणीत, पत्रक मिळाल्याचे आठवते असे सांगणारे लोक एकतृतीयांशाहूनही कमी निघाले. नोंदीतून नाव वगळले तरी जन्मतारीख आणि टपालाचा विभाग यांवरून माणूस ओळखता येईल, ही शंका डॉक्टरांनीही बोलून दाखविली. त्यातच रुग्णालयांतील जुन्या नोंदी विमागणितज्ञांच्या एका संस्थेला दिल्या गेल्याचे उघडकीस आले. आपल्या आजाराची माहिती विम्याचा हप्ता ठरविण्यासाठी वापरली जाईल, या भीतीने लोक अस्वस्थ झाले. त्याच महिन्यात योजना सहा महिन्यांसाठी पुढे ढकलावी लागली.

पुढे २०१५ मध्ये आणखी एक गोष्ट समोर आली. आपली नोंद बाहेर देऊ नये असे कळविणाऱ्या सुमारे ७ लाख लोकांच्या नकाराची अंमलबजावणीच झालेली नव्हती. ज्यांनी नियमानुसार नकार दिला, त्यांचाही शब्द राखला गेला नाही. अखेर जुलै २०१६ मध्ये डेम फिओना कॅल्डिकॉट यांचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्याच वेळी योजना बंद करण्यात आली. २०२१ मध्ये अशाच स्वरूपाची दुसरी योजना पुढे आली, तेव्हा काही आठवड्यांतच दहा लाखांहून अधिक लोकांनी नकार नोंदविला आणि तीही लांबणीवर पडली. एकदा गमावलेला विश्वास नव्या नावाने परत मिळत नाही, हे त्यावरून दिसले.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. कॅल्डिकॉट यांचा कल माहिती कुलूपबंद ठेवण्याकडे नव्हता. गुप्तता राखण्याइतकेच रुग्णाच्या हितासाठी माहिती देणे हेही कर्तव्य असू शकते, असे तत्त्व त्यांनी २०१३ मध्ये मांडले होते. लोकांचाही संशोधनाला सरसकट विरोध नव्हता. विचारले असते तर अनेकांनी संमती दिली असती. आपल्याला नीट विचारलेच नाही, ही त्यांची तक्रार होती.

आपल्या देशात आयुष्मान भारत डिजिटल अभियान २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले. त्यातील 'आभा' हा चौदा अंकी आरोग्य क्रमांक ऐच्छिक आहे; तो नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. सर्व नोंदी एका ठिकाणी साठविल्या जात नाहीत. ज्या रुग्णालयाने नोंद केली त्याच्याकडेच ती राहते आणि रुग्णाच्या संमतीने दुसऱ्यास दाखविली जाते. कोणती नोंद, कोणत्या कारणासाठी व किती मुदतीपर्यंत, हे संमतीत नमूद असते आणि संमती मागेही घेता येते. खाजगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात आणण्याचे ठरले आहे. संमती मुक्त, निश्चित आणि समजून दिलेली असावी. ती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे. आणि तिची सूचना मराठीसह आठव्या अनुसूचीतील भाषांत वाचण्याची सोय असावी, असे हा कायदा सांगतो.

आराखडा चांगला आहे. तथापि त्याची कसोटी गावात लागते. २०२१ च्या लसीकरणाच्या वेळी आधार क्रमांक देणाऱ्या अनेकांच्या नावे पुरेशी कल्पना न देता आरोग्य क्रमांक तयार झाल्याच्या तक्रारी झाल्या होत्या. दवाखान्यात रांग मोठी असते. कर्मचारी मोबाइलवर आलेला ओटीपी विचारतो व रुग्ण सांगून मोकळा होतो. पुष्कळदा तो मोबाइल मुलाचा, जावयाचा किंवा शेजाऱ्याचा असतो. एखाद्या सुनेच्या क्षयरोगाची किंवा वंध्यत्वावरील उपचाराची नोंद खुली करण्याचा संदेश सासऱ्याच्या फोनवर आला, तर ती संमती कोणाची मानावयाची? आपले दुखणे घरी व गावात कळेल अशी धास्ती तिला वाटली, तर ती पुन्हा केंद्राची पायरी चढणार नाही. रोग अंगावर काढला जाईल आणि संसर्गाचा असेल तर तो इतरांनाही होईल. एचआयव्हीबाधितांच्या बाबतीत गुप्ततेचे महत्त्व ओळखूनच २०१७ चा स्वतंत्र कायदा करण्यात आला आहे. गुप्तता मोडल्याचे नुकसान एका व्यक्तीपुरते राहत नाही, तर सार्वजनिक आरोग्याचेही होते.

या कामी अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांना बरेच काही करता येण्याजोगे आहे. क्रमांक किती काढले याचा आढावा घेताना किती जणांना तो समजावून सांगितला हेही अधिकाऱ्यांनी विचारावे. उद्दिष्ट गाठण्याच्या घाईत संमतीचा रकाना कर्मचाऱ्यानेच भरू नये. ग्रामसभेत हा विषय मराठीत, आणि आवश्यक तेथे गावच्या बोलीत, मांडावा. नाही म्हणण्याची मुभा आहे हेही तितक्याच स्पष्टपणे सांगावे. ज्यांच्याकडे स्वतःचा मोबाइल नाही, विशेषतः स्त्रिया व वृद्ध, त्यांच्याशी आशा कार्यकर्तीने बाजूला बोलावून बोलावे. शालेय आरोग्य तपासणीत आढळलेल्या दोषांची यादी शिक्षकांनी वर्गात वाचून दाखवू नये. ज्याचा आजार त्याचे नाव चावडीवर चर्चेला येणार नाही, याची काळजी सरपंचांनी घ्यावी.

इंग्लंडमध्ये कायदा होता, पैसा होता आणि सत्तर वर्षांच्या घरात पोहोचलेली विश्वासाची पुण्याईही होती. तरीही लोकांना विचारण्यात कसूर झाली आणि एक उपयुक्त योजना गुंडाळावी लागली. आपल्याकडे नोंदींचे जाळे अद्याप विणले जात आहे. प्रत्येक रुग्णाला त्याच्या भाषेत, त्याला समजेपर्यंत आणि एकांतात विचारण्यास थोडा वेळ जास्त लागेल. तो वेळ आजच दिला, तर ग्रामीण रुग्ण आपले दुखणे डॉक्टरांपुढे निःशंकपणे मांडील आणि या योजनेचा खरा लाभ त्याच्या पदरी पडेल.