तुरुंगातला कर्णा आणि मोझार्टचे गाणे



गेटसभांत बोलणारा माणूस ऑपेरावर बोलणार, हे पत्रिकेत वाचून काहींनी भुवया चढविल्या असतील. ऑपेरा मला शाळेने शिकविला नाही. चित्रपटांत तो कानांवर पडला आणि मग मी पुस्तके धुंडाळली. सोयीसाठी त्याला आपले संगीत नाटक म्हणा. फरक इतकाच की, तेथे पुष्कळदा संवादसुद्धा गाऊनच होतात.

फ्रँक डॅराबाँट यांचा १९९४ चा ‘द शॉशँक रिडेम्प्शन’ आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यातला अँडी हा कैदी सरकारला वर्षानुवर्षे पत्रे लिहून तुरुंगाच्या ग्रंथालयासाठी पुस्तके आणि तबकड्या मिळवितो. (अर्जांचा पाठपुरावा कसा करावा, हे आमच्या कार्यकर्त्यांनी त्याच्याकडून शिकावे!) त्या तबकड्यांत मोझार्टच्या ‘फिगारोचे लग्न’ या ऑपेराची तबकडी निघते. पहारेकऱ्याला शौचकुपात कोंडून अँडी ती लावतो आणि ध्वनिक्षेपक सुरू करतो. ज्या कर्ण्यातून एरवी हुकूम यावयाचे, त्यातून दोन स्त्रियांचे गाणे पटांगणात उतरते. शेकडो माणसे जागच्या जागी थबकतात. अँडीला दोन आठवड्यांची अंधारकोठडी मिळते.

स्टीफन किंग यांच्या मूळ कथेत हा प्रसंग नाही, तो चित्रपटाने घातला. आणि फार चांगले केले. परंतु पुढे अँडीचा मित्र रेड सांगतो की, त्या बाया काय गात होत्या हे मला ठाऊक नाही आणि ठाऊक करून घ्यावयाचेही नाही. येथे माझे चित्रपटाशी भांडण आहे. कष्टकऱ्याला सूर पुरे, अर्थ कशाला हवा, ही समजूत मी फार ठिकाणी पाहिली आहे.

अर्थ काय आहे, ऐका. सरदाराची पत्नी सांगते आहे आणि तिची दासी सुझाना चिठ्ठी लिहिते आहे. सुझानाच्या लग्नाच्या दिवशीच तिच्यावर डोळा ठेवणाऱ्या सरदाराला बागेत बोलावून उघडे पाडण्याचा हा बेत आहे. मालकीण आणि मोलकरीण मिळून मालकाविरुद्ध! ज्या बोमार्शेच्या नाटकावरून हा ऑपेरा केला, ते फ्रान्सच्या सोळाव्या लुईने अडवून धरले होते; १७८४ मध्ये ते पॅरिसात जाहीरपणे झाले. व्हिएन्नात सम्राटाने नाटकाला मनाई केली. दा पाँते या कवीने त्यातले राजकीय काटे काढले, तेव्हा ऑपेराला परवानगी मिळाली. पहिला प्रयोग झाला १ मे १७८६ रोजी. शिकागोच्या कामगारांचा संप त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी! योगायोगच तो, पण मला तो आवडतो.

हे सारे त्या पटांगणातल्या कैद्यांना कळले असते, तर त्यांना गाणे कमी गोड लागले असते काय?

१९९३ च्या ‘फिलाडेल्फिया’त उलट घडते. एड्समुळे नोकरी गेलेला अँड्र्यू हा वकील आपला खटला चालविणाऱ्या जो मिलरला मारिया कॅलासचे गाणे ऐकवितो. जोर्दानोच्या ‘आंद्रेआ शेनिए’तले. हाताशी सलाइनची दांडी आणि ओळीओळीला अर्थ सांगणे चाललेले. फ्रेंच क्रांतीत आई मारली गेली, घर जळाले, असे एक सरदारकन्या सांगते आहे. म्हणजे येथे दुःख आमच्या विरुद्ध बाजूचे. तरी ते पोहोचते. आरंभी अँड्र्यूशी हस्तांदोलनालाही बिचकलेला जो घरी जातो, निजलेल्या लेकीला उचलून जवळ घेतो, पत्नीशेजारी पडतो. आणि कॅलास अजून गातच असते.