राज्य कामगार विमा आणि सुरतेचे माग

भुसावळहून निघालेला लोहमार्ग अमळनेर, दोंडाईचे, नंदुरबार, नवापूर अशी ठाणी घेत सुरतेस पोहोचतो. तापी नदी ज्या दिशेने वाहते त्याच दिशेने खानदेशातील माणसेही गेली कित्येक वर्षे वाहत गेली आहेत. सुरतेच्या लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत मराठी आणि अहिराणी बोलणारी वस्ती मोठी आहे. त्यांच्या शेजारी ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातून, उत्तर प्रदेशातून आणि बिहारमधून आलेले कामगार राहतात. यांपैकी बहुतेकांची उपजीविका यंत्रमाग, रंगाई-छपाईचे कारखाने, जरीकाम किंवा हिऱ्यांना पैलू पाडणे यांवर चालते. देशाच्या आरोग्यविम्याच्या कायद्याविषयी दिल्लीत जो वाद झाला आणि अजूनही चालू आहे, त्याचा खरा अर्थ काय हे समजून घ्यावयाचे असेल, तर या शहरासारखी दुसरी जागा क्वचितच सापडेल.

ज्या कायद्याविषयी हा वाद आहे तो १९४८ सालचा राज्य कामगार विमा अधिनियम होय. बोलण्यात त्याला सर्रास ‘ईएसआय’ म्हणतात. त्याचा जन्म स्वातंत्र्याच्या आधीचा आहे. कामगारांना आजारपणाचा विमा असावा ही शिफारस १९३१ साली व्हिटले कमिशनने केली होती. परंतु तिला आकार आला तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे कामगार खाते असताना, मार्च १९४३ मध्ये, प्रो. बी. पी. आडारकर यांच्यावर ही योजना तयार करण्याचे काम सोपविण्यात आले. इंग्लंडात बेव्हरिज यांचा सामाजिक विम्याचा अहवाल काही महिन्यांपूर्वीच प्रसिद्ध झाला होता. आडारकरांनी आपला अहवाल १९४४ साली सादर केला. आरंभी विमा द्यावा म्हणून त्यांनी जे तीन उद्योग निवडले, ते कापड, यंत्रे, आणि खनिजे व धातू हे होते. कापडाचा कामगार त्यांच्या नजरेसमोर पहिल्यापासून होता, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

कायदा एप्रिल १९४८ मध्ये संमत झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर येथे पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते योजनेचे उद्घाटन झाले. त्याच दिवशी ती दिल्लीतही सुरू झाली. या दोन ठिकाणी मिळून प्रारंभी १,२०,००० कामगारांना तिचे संरक्षण लाभले. पुढे ती देशभर पसरली.

या विम्याची रचना मुळात साधी आहे. कामगाराच्या वेतनातून थोडी रक्कम कापली जाते, मालक तिच्यात आपली मोठी भर घालतो, आणि या निधीतून औषधोपचार व आजारपणातील वेतनाचा काही भाग दिला जातो. १ जुलै २०१९ पासून कामगाराचा वाटा वेतनाच्या पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के असा आहे. त्यापूर्वी हे दर अनुक्रमे पावणेदोन व पावणेपाच टक्के होते. २०१७ पासून महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणारा कामगार या योजनेत येतो.

उदाहरणार्थ, महिना १८,००० रुपये मिळविणारा एखादा विणकर घ्यावा. त्याचे महिन्याला १३५ रुपये जातात, मालकाचे ५८५. तो टायफॉइडने एकवीस दिवस अंथरुणास खिळला, तर त्याला औषधोपचार मिळतोच. शिवाय नियमाप्रमाणे पहिले दोन दिवस वगळून उरलेल्या एकोणीस दिवसांचा सत्तर टक्के रोज मिळतो. सहाशे रुपये रोजाच्या हिशेबाने ही रक्कम ७,९८० रुपये होते. घरभाडे, किराणा आणि गावी पाठवावयाची रक्कम यांचा मेळ घालणाऱ्या घराला या आठ हजारांची किंमत काय, हे वेगळे सांगावयास नको. ही रक्कम हाती नसली की सावकार गाठावा लागतो, बायकोचे डोरले गहाण पडते किंवा मुलाची शाळा सुटते. कामावर दुखापत झाली तर नव्वद टक्के वेतन, स्त्रीला बाळंतपणात सव्वीस आठवड्यांचे वेतन आणि कामावर मृत्यू ओढवल्यास आश्रितांना निवृत्तिवेतन, असेही लाभ या कायद्याने बांधून दिले.

याच मुद्द्यावर हा विमा आणि अलीकडच्या रुग्णालय-योजना यांच्यातील भेद स्पष्ट होतो. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेने गरीब कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांची सोय केली, आणि गुजरात राज्याने २०२३ साली ती मर्यादा दहा लाखांवर नेली. शस्त्रक्रियेच्या वेळी या योजनेचा आधार फार मोठा आहे. परंतु घरी पडून काढलेल्या तीन आठवड्यांचा बुडालेला रोज ती भरून देत नाही. शिवाय ती सरकारने दिलेली सवलत आहे. विम्याचा लाभ मात्र कामगाराने वर्गणी भरून मिळविलेला हक्क आहे.

असा हा कायदा रद्द करण्याचा वाद कसा उभा राहिला? त्याचे मूळ शोधू गेल्यास कायद्याच्या उद्देशावर कोणाचा आक्षेप होता असे दिसत नाही. आक्षेप होता तो कारभारावर. दवाखान्यांत डॉक्टर अपुरे, औषधे वेळेवर नाहीत, आणि निधी मात्र साठत चाललेला, ही तक्रार जुनी आहे. २८ फेब्रुवारी २०१५ रोजी अर्थसंकल्प मांडताना अर्थमंत्री अरुण जेटली यांनी असा शेरा उद्धृत केला की, भविष्यनिर्वाह निधी आणि राज्य कामगार विमा यांच्याकडे ग्राहक नसून ओलीस आहेत. कामगाराला राज्य विमा किंवा बाजारातील मान्यताप्राप्त आरोग्यविमा यांपैकी एकाची निवड करू द्यावी, अशी सूचना त्यांनी केली. कामगार संघटनांनी तिला विरोध केला.

वरवर पाहता निवडीचे स्वातंत्र्य कोणाला नको असेल? परंतु विम्याचे गणित निराळे असते. वर्गणी सर्वांवर सक्तीची असते म्हणूनच धडधाकट तरुण हा आजारी वृद्धाचा भार उचलतो, आणि तो तरुण वृद्ध झाला की त्याचा भार पुढची पिढी उचलते. तरुण व निरोगी माणसे स्वस्त खाजगी विम्याकडे निघून गेली, तर मागे राहतात ते रोगी आणि वयस्क. मग वर्गणी वाढते, आणखी लोक बाहेर पडतात, आणि अखेर योजना आपोआप कोसळते. अमेरिकेत २०१० सालच्या आरोग्यविमा कायद्यावरून जे रण माजले त्याच्या मुळाशी हीच सक्ती होती. २८ जुलै २०१७ रोजी तेथील सिनेटमध्ये तो कायदा मोडून काढण्याचा प्रयत्न ४९ विरुद्ध ५१ मतांनी फसला. मात्र त्याच वर्षाच्या अखेरीस करविषयक कायद्याने विमा न घेणाऱ्याचा दंड शून्यावर आणला गेला. ऑस्ट्रेलियात तर १९७५ साली सुरू झालेली ‘मेडिबँक’ ही सार्वत्रिक योजना सरकार बदलल्यावर टप्प्याटप्प्याने मोडीत निघाली, आणि १९८४ साली दुसऱ्या सरकारला ती ‘मेडिकेअर’ या नावाने नव्याने उभारावी लागली.

भारतात घडले ते या दोहोंहून निराळे. विखुरलेले कामगार कायदे एकत्र करावेत ही शिफारस २००२ साली रवींद्र वर्मा यांच्या अध्यक्षतेखालील दुसऱ्या राष्ट्रीय श्रम आयोगाने केली होती. त्या दिशेने सामाजिक सुरक्षा संहिता तयार झाली. लोकसभेने ती २२ सप्टेंबर २०२० रोजी, तर राज्यसभेने दुसऱ्या दिवशी संमत केली. त्या वेळी विरोधी पक्षांनी सभागृहावर बहिष्कार घातला होता. ज्या कायद्याने कोट्यवधी घरांच्या आजारपणाची तरतूद केली, तो मागे घेताना विरोधाचा एकही शब्द सभागृहात उमटू नये, ही लोकशाहीच्या दृष्टीने समाधानाची गोष्ट नव्हे; मग त्याचा दोष कोणत्याही बाजूस दिला तरी. पुढे पाच वर्षे संहिता कागदावर राहिली. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी ती अमलात आली आणि तिने नऊ जुने कायदे रद्द केले. १९४८ चा विमा कायदा त्यांपैकीच एक.

कायदा रद्द झाला, तरी विमा रद्द झाला नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. महामंडळ, वर्गणी, दवाखाने आणि लाभ ही सारी व्यवस्था संहितेच्या चौथ्या प्रकरणात आली आहे. जुने नियमही, संहितेशी विसंगत नसतील तेथवर, एक वर्षापर्यंत चालू राहावयाचे आहेत. समर्थकांचे म्हणणे असे की, आता योजना निवडक जिल्ह्यांपुरती न राहता देशभर लागू होईल. दहांपेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांनाही स्वेच्छेने तिच्यात येता येईल. आणि धोक्याच्या व्यवसायात एक कामगार असला तरी सरकार अधिसूचना काढून त्याला विमा देऊ शकेल. भारतीय मजदूर संघाने या संहितेचे स्वागत केले. उलट दहा केंद्रीय कामगार संघटनांनी २६ नोव्हेंबर २०२५ रोजी देशभर चारही श्रमसंहितांचा निषेध केला. पूर्वी संसदेच्या कायद्यात असलेला पुष्कळसा तपशील आता नियम व अधिसूचना यांवर सोपविला गेला, आणि जे नियमाने मिळते ते नियमाने काढूनही घेता येते, असा विरोधकांचा मुख्य आक्षेप आहे.

दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकून सुरतेकडे वळले, तर एक वेगळीच वस्तुस्थिती समोर येते. मुंबई आणि अहमदाबाद येथील गिरण्यांचा कामगार या विम्याच्या छत्राखाली होता. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या मावळत गेल्या, अहमदाबादच्याही बंद पडल्या, आणि कापड विणण्याचे काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी व सुरत येथील यंत्रमागांकडे गेले. काम तेच राहिले, पण कामगाराचा विमा मात्र त्याच्याबरोबर गेला नाही. एकाच छपराखालचे माग निरनिराळ्या नावांवर नोंदले, की प्रत्येक नावापुढील कामगारांचा आकडा दहाच्या आत राहतो. मजुरी मीटरवर मिळते, हजेरीपत्रक नसते, आणि कित्येकांपाशी आपण अमुक मालकाचे नोकर आहोत हे सिद्ध करणारा कागदाचा कपटाही नसतो. बारा तासांच्या पाळीत मागांच्या खडखडाटाने ज्याचे कान गेले, त्या बहिरेपणाचा समावेश व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आहे खरा. पण ज्याचे नावच नोंदलेले नाही त्याला त्या यादीचा उपयोग काय?

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली तेव्हा काही दिवसांतच लाखो लोक शहर सोडून गेले. रोगाची भीती तर होतीच. पण काम बंद म्हणजे मजुरी बंद, आणि परक्या गावी आजारी पडल्यास विचारणारे कोणी नाही, ही धास्तीही तिच्या जोडीला होती. २०२० च्या टाळेबंदीत हीच धास्ती पुन्हा रस्त्यावर दिसली. महानगरपालिकेने साथीनंतर शहराची स्वच्छता सुधारली आणि तिचे देशभर कौतुक झाले. मजुराच्या आजारपणाची तरतूद मात्र झाडूने आणि जंतुनाशकाने होत नाही.

म्हणून संहितेची खरी कसोटी न्यायालयात किंवा संसदेत लागणार नसून सुरतेच्या मागशाळांत लागणार आहे. दहा या आकड्याची मोजणी कागदावरील नावांवरून न करता एका छपराखालील माणसांवरून झाली, तर लक्षावधी विणकर एका दिवसात विम्याच्या कक्षेत येतील. ऐच्छिक प्रवेशाची तरतूद एकट्याने हे काम करू शकणार नाही. सव्वातीन टक्क्यांचा भार आपणहून उचलणारे मालक थोडेच असतात. १ जुलै २०२५ पासून महामंडळाने मागील थकबाकी न मागता नोंदणी करून घेण्याची मोहीम काढली, तिचा हेतू चांगला होता. पण नोंदणीनंतर दवाखाना गाठता आला पाहिजे. पाळी बदलण्याच्या वेळी तो उघडा असावा. तेथे मराठी, ओडिया व हिंदी समजणारा माणूस असावा. सहा महिन्यांत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरली तरच आजारपणाचे वेतन मिळते. पेरणीला, लग्नसराईला गावी जाणाऱ्या खानदेशी मजुराला ही अट आधी समजावून सांगितली पाहिजे.

आडारकरांनी ज्या कापड कामगारासाठी ही योजना आखली, त्याचेच नातू-पणतू आज सुरतेत तिच्याबाहेर उभे आहेत. १९४८ चा कायदा टिकला असता तरी ते बाहेरच राहिले असते, हे विरोधकांनी विसरू नये. आणि तो गेल्यामुळे ते आपोआप आत आले नाहीत, हे समर्थकांनीही विसरू नये. आजारी विणकराच्या घरी आठ हजार रुपये पोहोचतात की नाहीत, एवढ्या एका प्रश्नाने जुन्या कायद्याचे मोजमाप करावयास हवे होते. नव्या संहितेचे मोजमापही त्याच प्रश्नाने करावे लागेल.