अटी कोण लिहितं?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी, मे महिन्यात, निवृत्त न्यायमूर्ती मदन लोकूर, निवृत्त न्यायमूर्ती अजित शहा आणि पत्रकार एन. राम यांनी नरेंद्र मोदी आणि राहुल गांधी यांना जाहीर वादचर्चेसाठी आवाहन करणारं पत्र लिहिलं होतं. राहुल गांधींनी होकार कळवला. चर्चा काही झाली नाही. तेव्हापासून आपल्यातल्या बऱ्याचजणी म्हणतात, "अमेरिकेत बघा, अध्यक्षपदाचे उमेदवार टीव्हीवर समोरासमोर उभे राहतात. आपल्याकडे असं का होत नाही?" व्हावं, असं मलाही वाटतं. पण जिथे १९६० पासून हा प्रकार चालू आहे, तिथे मतदार बाईच्या पदरात त्यातून काय पडतं, हे आधी तपासून पाहू या.

समाजकार्याच्या अभ्यासक्रमात गटकार्य शिकताना मला एक सवय लागली. कोण किती छान बोललं, हे नंतर पाहायचं. बैठक कुणी बोलावली, विषय कुणी ठरवले, बोलायला कुणाला किती वेळ मिळाला, हे आधी पाहायचं. बचत गटाची बैठक असो की ग्रामसभा, सत्ता कुणाच्या हातात आहे ते तिथेच कळतं. हीच फूटपट्टी अमेरिकेतल्या वादचर्चांना लावून पाहू.

आधी वेळेचं बघा. १८५८ साली इलिनॉय राज्यात सिनेटच्या जागेसाठी लिंकन आणि डग्लस यांच्यात सात जाहीर वादचर्चा झाल्या. पहिला वक्ता एक तास बोले, दुसरा दीड तास, मग पहिल्याला पुन्हा अर्धा तास. मुख्य विषय एकच, गुलामगिरीचा. त्या काळाचे गोडवे मी गाणार नाही. ऐकणाऱ्या गर्दीतल्या बायकांना तेव्हा मताचा अधिकारच नव्हता. पण दीड तास एकाच विषयावर बोलणारा माणूस आपला विचार लपवू शकत नाही. आता दीड तासात युद्ध, महागाई, स्थलांतर, आरोग्य असं सगळं उरकायचं असतं. एका उत्तराला साधारण दोन मिनिटं. पाळणाघराचा खर्च कुणी उचलायचा, हे दोन मिनिटांत कसं सांगणार? म्हणून उमेदवार उत्तर देतच नाहीत. पाठ केलेलं वाक्य म्हणतात आणि मोकळे होतात.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याची. २६ सप्टेंबर १९६० च्या पहिल्या वादचर्चेतून लोकांच्या लक्षात काय राहिलं? केनेडींचा तजेलदार चेहरा आणि नुकतेच आजारातून उठलेले, ओढलेले निक्सन. १९६४, १९६८ आणि १९७२ मध्ये अशा चर्चा झाल्याच नाहीत. १९७६ मध्ये त्या पुन्हा सुरू झाल्या, तेव्हाचा एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. २३ सप्टेंबरला फिलाडेल्फियात फोर्ड आणि कार्टर यांची चर्चा चालू असताना प्रक्षेपणाचा आवाज बंद पडला. दुरुस्तीला २७ मिनिटं लागली. समोर पत्रकार होते, सभागृहात माणसं बसली होती. तरी देशाचं सर्वोच्च पद मागणारे हे दोघं जवळजवळ मुकाट्याने आपापल्या जागी थांबून राहिले. बोलणं समोरच्या माणसांसाठी नव्हतंच, ते टीव्हीसाठी होतं.

पण सगळा दोष टीव्हीवर टाकून चालणार नाही. खरा मुद्दा अटींचा आहे, आणि तिथे बायकांच्या एका संघटनेचा इतिहास आहे. तो आपल्याला माहीत असायला हवा.

१९२० साली अमेरिकेतल्या मताधिकाराच्या चळवळीतून 'लीग ऑफ विमेन व्होटर्स' ही संघटना उभी राहिली. १९७६, १९८० आणि १९८४ च्या अध्यक्षीय वादचर्चा तिने भरवल्या. १९८० मध्ये तिने अपक्ष उमेदवार जॉन अँडरसन यांनाही बोलावलं. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्यांच्यासोबत चर्चेला येण्याचं नाकारलं. लीगने कार्टर यांच्याशिवाय, रीगन आणि अँडरसन यांची चर्चा घेतली. लीगच्या काळात सारं आदर्श होतं असं नव्हे. दोन मिनिटांची उत्तरं आणि पाठ केलेली वाक्यं तेव्हाही होती. पण सभा उमेदवारांच्या मालकीची नव्हती.

दोन्ही मोठ्या पक्षांना हेच खुपत होतं. १९८७ मध्ये त्यांनी वादचर्चांसाठी एक वेगळा आयोग स्थापन करवला. त्याचे दोन प्रमुख कोण, तर रिपब्लिकन आणि डेमोक्रॅटिक पक्षांचे राष्ट्रीय अध्यक्ष! परीक्षेला बसणाऱ्यांनीच परीक्षा मंडळ नेमावं, तसं हे झालं. पुढच्याच वर्षी बुश आणि डुकाकिस यांच्या प्रचारयंत्रणांनी बंद दाराआड एक करार केला आणि लॉस एंजेलिसच्या चर्चेआधी तो लीगपुढे ठेवला. सोळा पानं अटी. प्रश्न विचारणारे पत्रकार कोण असावेत, सभागृहात कुणाला बसवायचं, वार्ताहरांना कुठवर सोडायचं, सगळं ठरलेलं. लीगने फक्त मान डोलवायची. ३ ऑक्टोबर १९८८ रोजी लीगने आपलं नाव काढून घेतलं. मतदारांच्या फसवणुकीत आम्ही सामील होणार नाही, असं अध्यक्षा नॅन्सी न्यूमन यांनी जाहीर सांगितलं.

चर्चा थांबली नाही. आयोगाने ती आपल्याकडे घेतली. १३ ऑक्टोबरच्या त्या चर्चेतला पहिलाच प्रश्न सूत्रसंचालक बर्नार्ड शॉ यांनी डुकाकिस यांना विचारला. त्याचा आशय असा : तुमच्या पत्नीवर बलात्कार करून तिचा खून झाला, तर खुन्याला फाशी व्हावी असं तुम्ही म्हणाल का? त्यांनी पत्नीचं नावही घेतलं होतं.

मैत्रिणींनो, हा प्रश्न नीट ऐका. बलात्कार हा शब्द उच्चारला गेला, पण बलात्काराबद्दल काहीही विचारलं गेलं नाही. पोलिसांत तक्रार कशी घेतली जाते, कोर्टात बाईला काय सोसावं लागतं, तिला निवारा कोण देतं, यातलं काही नाही. नवऱ्याच्या काळजाची परीक्षा घ्यायला एका बाईच्या देहाचा वापर झाला. आणि डुकाकिस यांनी तर मुद्द्याचं उत्तर दिलं! आपला फाशीला आयुष्यभर विरोध आहे आणि फाशीने गुन्हे कमी होतात असा पुरावा नाही, असं ते म्हणाले. हे पटो न पटो, यावर वाद घालता आला असता. पण पुढे चर्चा कशाची झाली? हा माणूस चिडला कसा नाही, किती थंड आहे हा, याची.

हे आपल्याला ओळखीचं आहे. आमच्या समुपदेशन केंद्रात येणारी बाई मारहाणीची हकिकत शांतपणे सांगते, तर सासरचे म्हणतात, "बघा, हिला काही झालेलंच नाही." ती रडली, तर म्हणतात, "नाटकं करते." तिने काय सांगितलं, ते दोन्ही वेळा बाजूलाच राहतं.

२०१२ चं उदाहरण घ्या. १६ ऑक्टोबरला ओबामा आणि रॉम्नी यांच्या चर्चेत एका मतदार तरुणीने स्त्रियांच्या कमी वेतनाबद्दल विचारलं. सरळ, कामाचा प्रश्न. रॉम्नी यांनी, गव्हर्नर असताना लायक स्त्रियांच्या माहितीने भरलेल्या फायली आपल्याकडे आल्या होत्या, अशा अर्थाचं काही सांगितलं. शब्दरचना विचित्र होती. काही मिनिटांत त्या फायलींवर विनोदांचा पाऊस पडला. आपण हसलो आणि वेतनाचा प्रश्न होता तिथेच राहिला. त्या चर्चेच्या वेळीही दोन्ही प्रचारयंत्रणांचा करार होताच. सूत्रसंचालिकेने उपप्रश्न विचारू नये, असं त्यात लिहिलेलं होतं. कँडी क्रॉली यांनी ते बंधन मानलं नाही, हे त्यांचं धाडस.

२०२४ मध्ये तर आयोगालाही बाजूला सारून उमेदवारांनी थेट वाहिन्यांशी ठरवून घेतलं. गर्भपाताचा घटनात्मक हक्क २४ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काढून घेतल्यानंतरची ही पहिली अध्यक्षीय निवडणूक होती. कोट्यवधी बायकांच्या शरीराचा प्रश्न होता. २७ जूनच्या चर्चेत ट्रम्प यांनी जन्मानंतर बाळाला मारण्याची भाषा केली, तेव्हा सूत्रसंचालकांनी त्यांना अडवलं नाही. १० सप्टेंबरला तोच विषय निघाल्यावर लिन्झी डेव्हिस यांनी एका वाक्यात सांगितलं, की जन्मलेल्या बाळाला मारणं देशातल्या कोणत्याही राज्यात कायदेशीर नाही. एकच वाक्य, पण ते म्हणण्याची मोकळीक असावी लागते. आणि ती मोकळीक अटींमध्ये असते.

म्हणून मी म्हणते, आपल्याकडे वादचर्चा व्हावी अशी नुसती मागणी करू नका. अटी आपण लिहू. निवडणूक ग्रामपंचायतीची असो की विधानसभेची, उमेदवारांना आपण आपल्या वस्तीत बोलावू. विषय दोनच ठेवू, म्हणजे रेशन आणि पाणी, किंवा दारू आणि पोलीस चौकी. प्रश्न आधी बायकांच्या बैठकीत ठरतील. उत्तर टाळलं तर तोच प्रश्न पुन्हा विचारला जाईल. आकडा चुकीचा सांगितला तर तिथल्या तिथे खरा आकडा वाचून दाखवू, त्यासाठी कागद जवळ ठेवू. आणि सभेनंतर कोण जिंकलं हे विचारायचं नाही. कुणी काय कबूल केलं ते वहीत लिहून, सर्वांसमोर वाचून ठेवायचं.

एखादा मोठा उमेदवार म्हणेल, येतो, पण प्रश्न माझे कार्यकर्ते ठरवतील. तेव्हा आपल्यातल्याच काहीजणी म्हणतील, "येतोय ना, येऊ दे. एवढा मोठा माणूस आपल्या मंडपात येतोय." त्या वेळी सभा रद्द करायची तयारी आहे का आपली? रिकाम्या खुर्च्या, वाया गेलेलं मंडपाचं भाडं, लोकांचे टोमणे, हे सोसावं लागेल. आता गटवार बसू या. प्रत्येक गटाने तीन प्रश्न लिहावेत आणि एक अशी अट लिहावी, जी मोडली तर आपण सभा घेणार नाही. आधी ती अट लिहा, प्रश्न नंतर.