ध्रुवीय रात्रीत कॅमेरा

नॉर्वेतलं ट्रॉम्सो शहर उत्तर ध्रुववृत्ताच्याही वर आहे. नोव्हेंबरअखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत इथं सूर्य उगवतच नाही. नोकरीनिमित्त इथं राहणाऱ्या हौशी छायाचित्रकाराला तरीही विषयांची वाण पडत नाही. भरदुपारी काही वेळ निळसर उजेड पसरतो. पुलापलीकडचं, 1965 साली बांधलेलं त्रिकोणी आर्क्टिक कॅथेड्रल त्यात झकास उठून दिसतं.

बर्फाचे फोटो काढताना कॅमेरा हमखास फसतो. समोर फार उजेड आहे, असं समजून तो एक्स्पोजर कमी करतो आणि बर्फ राखाडी दिसतो. म्हणून एक्स्पोजर आपणच एखाद्या स्टॉपने वाढवायचं. थंडीत बॅटरी झपाट्यानं उतरते. जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवायची. घरात शिरण्याआधी कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधायचं. दव मग पिशवीवर धरतं, लेन्सवर नाही.

आकाशातला हिरवा ध्रुवीय प्रकाश उमटतो तो शंभर किलोमीटरहून अधिक उंचीवरच्या ऑक्सिजनमुळे. तो टिपायला ट्रायपॉड हवाच. आयएसओ 1600 च्या आसपास, शटर पाच-दहा सेकंद उघडं आणि फोकस एखाद्या ठळक ताऱ्यावर, हातानं जुळवलेला.

आणखी एक. नॉर्वेच्या कायद्यानुसार, एखादी व्यक्तीच फोटोचा मुख्य विषय असेल, तर तो प्रसिद्ध करायला सहसा तिची संमती लागते. तेव्हा आधी विचारावं, आणि नकार आला तर निमूट मानावा.