शिक्षिकांची संख्या आणि शिक्षिकांचे हक्क

(चेन्नई येथे शिक्षक प्रतिनिधींपुढे केलेले भाषण)



आज आपण जमलो आहोत त्या शहरात, ट्रिप्लिकेनच्या समुद्रकिनाऱ्यावर, आइस हाऊस ही जुनी इमारत उभी आहे. बालविधवा असलेल्या सिस्टर सुब्बलक्ष्मी १९११ साली पदवीधर झाल्या. पुढे त्यांनी या इमारतीत तरुण विधवांचे वसतिगृह चालवले. १९२२ साली निघालेल्या लेडी विलिंग्डन ट्रेनिंग कॉलेजच्या त्या प्राचार्या झाल्या. समाजाने कोपऱ्यात बसवलेल्या मुली शिक्षिका होऊन स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. पुण्यात १८४८ साली सावित्रीबाई फुले यांनी हीच वाट पाडली होती.

आज ती वाट रुंद झाली आहे. २०२४-२५ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातील शालेय शिक्षकांत ५४.२ टक्के स्त्रिया आहेत. मग प्रश्न सुटला काय? नाही. २०२१-२२ साली उच्च शिक्षणात हेच प्रमाण सुमारे ४३ टक्के होते. उलट, सर्वांत लहान मुलांना शिकवणारी अंगणवाडी सेविका जवळजवळ नेहमी स्त्रीच असते, आणि तिला वेतन नव्हे, 'मानधन' मिळते. लहान मुलांना शिकवणे म्हणजे बायकांचे घरकाम, या समजुतीने पुरुष त्या वर्गापासून दूर राहतो आणि स्त्रीच्या कामाचे मोलही घटते.

तमिळनाडूचेच उदाहरण घ्या. एका सरकारी शाळेतील शिक्षिकेला प्रसूती रजा नाकारली गेली. कारण काय, तर दोन मुले आधीच आहेत. ती मुले पहिल्या विवाहाची, नोकरीपूर्वी झालेली आणि वडिलांच्या ताब्यात होती. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. प्रसूती रजा हा मातृत्वाच्या हक्काचाच भाग आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

पण प्रत्येक शिक्षिका दिल्लीपर्यंत जाऊ शकेल काय? कंत्राटी शिक्षिका तर रजेचा अर्ज करतानाच नोकरी जाईल म्हणून घाबरते. तेथे संघटनेने उभे राहिले पाहिजे.

म्हणून कायम व कंत्राटी भेद न करता प्रसूती रजा, शाळेजवळ पाळणाघर आणि अंगणवाडी सेविकेला वेतनश्रेणी, या मागण्या आपल्या मागणीपत्रात अग्रभागी हव्यात. महिला आघाडीकडे सोपवून मोकळे होण्याचा हा विषय नाही. आणि सभासदांत निम्म्या स्त्रिया असतील, तर कार्यकारिणीतही निम्म्या दिसल्या पाहिजेत. सरकारकडे बोट दाखवण्याआधी आपल्याच व्यासपीठावरच्या खुर्च्या मोजू या.