डॉक्टरांना खरं सांगा



मी कॉम्प्युटर इंजिनिअर, डॉक्टर नव्हे. तरी आज औषधांबद्दल बोलणार आहे, कारण माझं एक खोटं कुणाच्या तरी जिवावर बेतलं असतं.

2009 सालची गोष्ट. माझ्या नात्यातल्या एक बाई, त्यांना काकू म्हणू. त्यांना विचारूनच सांगते आहे. त्यांना एचआयव्ही होता. सरकारी एआरटी केंद्रातल्या मोफत गोळ्या सुरू होऊन दोन महिने झाले होते. एका रात्री त्यांना धाप लागली, छाती धडधडू लागली. कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी विचारलं, "कोणती औषधं चालू आहेत?" शेजारी ओळखीची माणसं उभी. मी म्हणाले, "काही नाही."

ईसीजी काढला. सगळे हृदयाच्याच मागे लागले. अर्ध्या तासानं एका तरुण डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना पडद्याबाहेर काढलं, काकूंची पापणी खाली ओढून पाहिली आणि हळू आवाजात तोच प्रश्न पुन्हा विचारला. मी पर्समधून डबी काढली. गोळ्यांत झिडोवुडिन होतं. त्यानं काहींचं रक्त फार कमी होतं. काकूंचं हिमोग्लोबिन 5 निघालं. रक्त चढवलं, केंद्रानं औषध बदललं. काकू आज नातवंडं सांभाळतात.

आताच्या गोळ्या पुष्कळ सोसवणाऱ्या आहेत. पण काही औषधांचा त्रास दुसऱ्याच आजारासारखा दिसतो. अबाकाविर न सोसल्यास ताप, पुरळ, उलट्या होतात, व्हायरल वाटतं. असं झाल्यावर ते बंद करून पुन्हा घेतलं, तर जीव जाऊ शकतो. अटाझानाविरनं डोळे पिवळे होतात, कावीळ वाटते. रिटोनाविरवर असताना अर्धशिशीची एर्गोटामाइनची गोळी दिली, तर हातापायांचा रक्तपुरवठा तुटू शकतो. म्हणून डॉक्टरांना यादी हवीच. मात्र मनानं गोळ्या बंद करू नका.

2017 च्या कायद्यानं एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत आणि संमतीशिवाय ही माहिती उघड करता येत नाही. शंका असेल तर 1097 ही मोफत हेल्पलाइन आहे.

घरात कुणालाही कसलीही रोजची गोळी असो, पाकिटाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. चारचौघांत सांगवत नसेल तर म्हणा, "डॉक्टर, जरा बाजूला बोलायचंय."

बाई, तुमच्या वर्गात "येत नाही" म्हटलेलं चालायचं, खोटं उत्तर चालत नसे. तो धडा मला त्या रात्री पुन्हा गिरवावा लागला.